दोन खटक्यांची गाडी

गाडी पुढे कुणीही नेतो, असं आजोबांचं ठाम मत होतं. लांबलचक ट्रेलर अरुंद फाटकातून मागे मागे घेत माल उतरवायच्या ओट्याला असा टेकवायचा की मधे बोट शिरू नये, हे मात्र सोम्यागोम्याचं काम नाही. उभी हयात त्यांनी हेच काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर ज्याला वेळ असेल त्याला, आणि नसेल त्याला तर आवर्जून, ते त्याच्या हकिगती ऐकवत. अशा माणसाच्या घरात एक गाडी आली आणि तिला नेमका रिव्हर्सच नव्हता.

गाडी नातीची. लाल प्लास्टिकची, आत बसून चालवायची, बॅटरीवर पळणारी. शेजाऱ्यांची मुलं मोठी झाली, त्यांचे गुडघे स्टिअरिंगला अडायला लागले, तशी त्यांनी ती इकडे दिली. नात पाच वर्षांची. पाय जन्मापासूनच तिच्या ताब्यात नव्हते आणि हातांतही जोर बेताचाच होता. चमचा धरता यायचा, भरलेला पेला नाही. डोकं मात्र तल्लख आणि तोंड त्याहून. आजोबा तिला बाईसाहेब म्हणत, कारण ती हुकूम सोडायची आणि घर धावायचं.

पण खरं सांगायचं तर या बाईसाहेबांचा रुबाब फार तोकडा होता. ठेवावं तिथे त्या असत. खिडकीपाशी ठेवलं तर खिडकीपाशी, कपाटाकडे तोंड करून ठेवलं तर कपाटाकडे. ठेवणारा फोन घ्यायला गेला की कपाटच बघत बसायचं. पाहुण्यांनी गाल ओढले तर ओढून घ्यायचे. इतर पोरं रुसली की पाय आपटत निघून जातात, आतल्या खोलीत जाऊन बसतात. हिला रुसायचं तर तेही सगळ्यांच्या देखत, जागेवरच. आजोबांच्या हे लक्षात आलेलं होतं. एकदा आल्यावर ते डोक्यातून जाईना, आणि मग ते भाजीवाल्यावर, बातम्यांवर, पंख्यावर, कशावरही खेकसत.

गाडीत पायाने दाबायचं एक पेडल होतं, ते तिच्या काय उपयोगाचं? तिच्या आईने ते काढून टाकलं आणि हाताशी एक बटण बसवलं. बटण दाबलं की गाडी पुढे, सोडलं की उभी. पहिल्या दिवशी पोरीने बैठकीची खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटीने पार केली आणि आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मग समोर भिंत आली.

“आजोबा, भिंत आली!”

आजोबा उठले, गाडी उचलून वळवली. ती परत निघाली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

“आजोबा, भिंत आली!”

स्टिअरिंग होतं, पण ते फिरवायला तिचे हात पुरत नसत. त्यामुळे खोलीला जितक्या भिंती, तितक्या आजोबांच्या उठाबशा. दोन-चार दिवसांत त्यांची कंबर बोलायला लागली. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, पण सुनेने ओळखलं.

सूनबाई लिफ्टच्या कारखान्यात होती. लिफ्ट चालवणारी जी लोखंडी पेटी असते, जिच्यात शेकडो वायरी असतात, त्या वायरी जोडायचं तिचं काम. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा आजोबांनी जरा वरच्या पट्टीतच विचारलं होतं, “वायरी जोडतेस म्हणजे नक्की काय करतेस?” ती म्हणाली होती, “माणसं मधेच अडकू नयेत एवढं बघते.” उत्तर चोख होतं, म्हणून आजोबांना ते जरा झोंबलं होतं. तेव्हापासून दोघांचं जमायचं, पण बेताबेताने. मुलगा दूरच्या कामावर, महिन्या-महिन्याने येणारा. घरात ही दोघं आणि मधे पोरगी. बोलणं व्हायचं ते बहुतेक पोरीबद्दलच.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सूनबाईने गाडी जमिनीवर उलटी केली, शेजारी फडकं पसरलं आणि त्यावर आपली हत्यारं ओळीने मांडली. पोरीला उशांच्या आधाराने जवळ बसवलं.

“तिला मागे जाता आलं पाहिजे, बाबा,” ती म्हणाली.

“त्याला गिअर लागतो,” आजोबांनी आपलं ज्ञान पाजळलं. “रिव्हर्सचा दात वेगळा असतो. या खेळण्यात कुठनं आणणार?”

“गिअर नको. या मोटरला पुढचं-मागचं काही कळत नाही. वीज या वायरीने आत शिरली आणि त्या वायरीने बाहेर पडली की ती एका बाजूने फिरते. उलटीकडून शिरली की उलटी फिरते. दोन वायरींची अदलाबदल केली की झालं.”

“म्हणजे दर भिंतीला तू खाली बसून वायरी बदलणार?”

“मी कशाला? हा बदलेल.”

तिने तळहातावर एक खटका ठेवून पुढे केला. अंगठ्याएवढा. वरून एक छोटी दांडी, आणि पोटाखाली पितळेचे सहा पाय, तीन-तीनच्या दोन रांगा. दांडी पुढे ढकलता येई, मागे ओढता येई, आणि सोडली की आपोआप मधे उभी राही.

“मधल्या दोन पायांना बॅटरी,” ती बोट ठेवत म्हणाली. “या टोकाच्या दोन पायांना मोटर. आणि या टोकापासून त्या टोकाला दोन छोट्या वायरी, पण सरळ नाहीत, फुलीसारख्या तिरक्या. इकडचा पाय तिकडच्या समोरच्या रांगेला, तिकडचा इकडच्या. दांडी एका बाजूला केली की वीज सरळ मोटरला जाते. दुसऱ्या बाजूला केली की फुलीतून जाते, आणि लाल वायरीच्या जागी काळी येते. मधे असली की सगळं बंद.”

आजोबांनी खटका हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. “म्हणजे मधे चौक. चौकातनं घरी जायचे दोन रस्ते. एक पुढच्या दाराला, एक वळसा घालून मागच्या दाराला.”

“अगदी तसंच, बाबा.”

आजोबा खूश झाले. शिकवणाऱ्याने मान डोलावली की त्यांना अजून शाळेतल्यासारखं वाटायचं.

मग ती कामाला लागली आणि आजोबा नुसते बघत राहिले. खरं तर ते सल्ले द्यायला बसले होते. पण द्यावा असा सल्ला सापडेना. पकडीच्या एका हिसक्यात वायरीचं प्लास्टिक सुटून यायचं आणि आतली एकही तार तुटायची नाही. तारांना पीळ द्यायची, टोकाला छोटी पितळी टोपी चढवायची, दाबायची, आणि मग ती वायर खस्सकन ओढून बघायची. प्रत्येक वायर. जिथे डोळ्याला दिसत होतं की पक्की बसली आहे तिथेही. आजोबांनी आयुष्यात पुष्कळ मेकॅनिक पाहिले होते, जीभ चालवणारे पुष्कळ, हात चालवणारे मोजके. हिची जीभ बंद होती आणि हात असे चालत होते की बघणाऱ्याने श्वास हळू घ्यावा. हे घरात इतकी वर्षं होतं आणि आपण बघितलं नाही, या विचाराने ते मनातून ओशाळले. बॅटरीच्या वायरीत तिने एक फ्यूजही घातला. “काही उलटसुलट झालंच तर हा जळेल, पोरगी नाही,” ती म्हणाली.

घोळ झाला तो त्यानंतर.

गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांना एकेक मोटर होती. खटक्यापासून निघालेल्या वायरी त्या दोन्हींना जोडायच्या होत्या. सूनबाईने उजवी मोटर पाहिली, लालला लाल, काळीला काळी. डावी पाहिली आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिथे लालला काळी जोडलेली, काळीला लाल.

“हे बघा,” ती म्हणाली. “कुणीतरी झोपेत जोडलंय.”

तिच्या कारखान्यात याहून मोठा गुन्हा नव्हता. असं जोडणाऱ्याला तिथे सगळ्यांसमोर उभं करत. तिने नाक मुरडलं, डाव्या मोटरच्या वायरी सोडवल्या आणि लालला लाल, काळीला काळी अशा नीट, शिस्तीत जोडल्या. ओढून बघितल्या. आजोबांनीही जाणकारासारखी मान हलवली.

गाडी सुलटी केली. पोरीला आत बसवलं, पट्टा लावला, खटका तिच्या उजव्या अंगठ्याखाली आला.

“हळूच पुढे ढकल,” आई म्हणाली.

पोरीने दांडी ढकलली, आणि गाडी जागच्या जागी गरगर फिरली. पुढची चाकं फरशीवर कर्कश घासली, पोरगी किंचाळली, सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं, आजोबा झेपावले. तोवर दांडी सुटली होती आणि गाडी खिडकीकडे तोंड करून शांत उभी होती.

“पुन्हा!” पोरगी ओरडली. ती खिदळत होती.

सूनबाई मात्र खाली वाकून वायरी तपासत होती. एकदा, दोनदा. “सगळं बरोबर आहे. एकही वायर चुकीची नाही. मग असं कसं?”

आजोबांनी चाकांकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. पोट धरून ते खुर्चीत बसले. “अगं, या दोघी मोटरी पाठीला पाठ लावून बसल्यात! एकीचं तोंड डाव्या भिंतीकडे, एकीचं उजव्या. दोघींना एकाच बाजूला फिर म्हटलंस तर एक चाक पुढे जाणार, एक मागे. ज्याला तू झोपलेला म्हणालीस ना, तो चांगला टक्क जागा होता.”

सूनबाई त्या चाकांकडे बघतच राहिली. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. “लिफ्टला एकच मोटर असते हो,” ती पुटपुटली. आणि मग तीही हसली. एरवी ती ओठ मिटून हसायची, या वेळी मोकळं हसली. आजोबांना वाटलं, ही चूक झाली ते फार छान झालं.

ती पकड घेऊन वायरी पुन्हा बदलायला वाकली.

“आई, थांब. दुरुस्त नको करू.”

“अगं, अशी गाडी पुढे कशी जाईल?”

“नको जाऊ दे.” पोरगी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर समोरच्या घराच्या पायरीवर एक मांजर पंजा चाटत बसलं होतं. “मला मांजर बघायचं होतं. म्हणून मी वळले. माझी मी वळले.”

आजोबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि तो स्वच्छच होता. सूनबाई पकड हातात धरून तशीच उकिडवी बसून राहिली. तिची नजर एका चाकावरून दुसऱ्या चाकावर गेली, परत आली. आजोबांना वाटलं तिला रडू येतंय. पण ती रडत नव्हती, हिशेब जुळवत होती.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “एक खटका चुकलाच आपला. दोन हवेत. या चाकाला एक, त्या चाकाला एक. उजव्या अंगठ्याला उजवं चाक, डाव्याला डावं. दोन्ही पुढे, सरळ जाईल. दोन्ही मागे, मागे येईल. एक पुढे एक मागे केलं की...”

“मांजर!” पोरगी म्हणाली.

“स्टिअरिंगच नको मग,” आजोबा म्हणाले. “काढून टाक ते!”

पुढच्या सुट्टीपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. सूनबाईने दुसरा खटका आणला. आजोबांनी पुढची चाकं काढली आणि मोडक्या खुर्चीची, कुठेही वळणारी छोटी चाकं तिथे बसवली, म्हणजे फरशीवर घासणं नको. मागच्या चाकांना सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून चढवली. ते काम करताना त्यांनी अंगठा सोलून घेतला आणि तो सगळ्यांना दाखवला. सूनबाईने पुन्हा फडकं पसरलं. या वेळी बारा पाय, दोन फुल्या. पण वायरींचा गुंता कुठे दिसेल तर शपथ. एकेक वायर शेजारणीला चिकटून, कोपऱ्यात नेमकी वळून, पट्टीने बांधलेली. आतली बाजू, कुणी कधी बघणार नाही अशी, आणि तरी इतकी नीटस. डाव्या मोटरला तिने या वेळी लालला काळी जोडली, क्षणभर थांबली, आणि मान वाकडी करून म्हणाली, “हात ऐकत नाही हो, बाबा.”

आजोबा बराच वेळ घसा खाकरत होते. मग त्यांनी बोलून टाकलं. “सूनबाई, मी मोठमोठ्या वर्कशॉपमधे उभा राहिलोय. असा हात नाही पाहिला. आधीच सांगायला हवं होतं मी तुला.”

तिने वर पाहिलं नाही. वायर खस्सकन ओढून बघितली. पण त्या दिवशी तिने आजोबांना एकदाही “बाबा, जरा सरका” म्हटलं नाही, आणि ते तर तिचा उजेड अडवूनच बसले होते.

गाडी शिकायला पोरीला फार वेळ लागला नाही. घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पायाला लाल रंग लागला, कपाटाची एक कड उडाली, आजोबांच्या करंगळीवरून एकदा चाक गेलं आणि त्यांनी दात आवळून ते गिळलं. ते तिला ट्रेलरच्या युक्त्या सांगत. मागे घेताना घाई नको, जरा चुकलं की थांब, पुढे ये, पुन्हा घे. तिला मान वळवायला त्रास व्हायचा, म्हणून त्यांनी पुढच्या कडेला एक छोटा आरसा बसवून दिला. थोड्याच दिवसांत बाईसाहेब स्वयंपाकघराच्या दारातून उलट्या, न आपटता, बाहेर यायला लागल्या. आजोबांच्या मते त्यांच्या जुन्या कंपनीतल्या निम्म्या लोकांना हे जमलं नसतं.

आणि मग अक्का आली. अक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. मनाने सोन्यासारखी, पण तिला दयेचे उमाळे असे येत की समोरचा गुदमरावा. आल्या आल्या तिने पोरीला जवळ घेऊन “माझं गं बिचारं लेकरू” सुरू केलं. आजोबांना ते खपलं नाही.

“बिचारं? थांब, तुला दाखवतो,” ते म्हणाले. “बाईसाहेब, चला, गोल फिरून दाखवा.”

पोरगी फिरली. अक्काने तोंडात बोटं घातली.

“आता दारातनं मागे.”

तेही झालं. अक्काने कानशिलांवर बोटं मोडली. आजोबांना चेव चढला. “आता टेबलाखालनं! आता पुन्हा गोल, उलटी बाजू!”

पोरीने ते केलं, पण तिचा चेहरा उतरायला लागला होता. “आजोबा, बास ना.”

“अगं एकदाच. अक्काला नीट दिसलं नाही.”

“मला नाही करायचं.”

“असं काय करतेस? इतकी छान चालवतेस नि ऐन वेळी...” आणि बोलता बोलता आजोबा वाकले. पूर्वी शंभरदा वाकले होते तसेच. त्यांनी गाडी मागून उचलली, पोरीसकट वळवली आणि अक्काकडे तोंड करून ठेवली. “हं. आता फिर.”

पोरीने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, नाक लाल.

“मी चालले,” ती म्हणाली.

एक अंगठा पुढे, एक मागे. गाडीने अक्काकडे पाठ केली, आजोबांकडे पाठ केली. मग दोन्ही अंगठे पुढे. ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि घाईत चौकटीला धडकली. आजोबांचे हात आपसूक पुढे झाले. पण ती थांबली, थोडी मागे आली, नेम धरला आणि आत शिरली. आत गेल्यावर तिने गाडी वळवली, गाडीच्या नाकाने दार ढकललं. दार धाडकन लागलं.

“अगंबाई!” अक्का म्हणाली. “रुसून गेली की रे!”

आजोबा आधी रागावले. चारचौघांत नातीने तोंडावर दार लावलं, राग येणारच. “काय ही पद्धत झाली?” असं म्हणत ते वळले, तर स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई उभी होती. तिचा ओला हात तोंडावर होता आणि ती त्या बंद दाराकडे बघत होती. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती.

तेव्हा आजोबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी निघून गेली होती. त्यांच्यावर चिडून, स्वतःच्या पायांनी जावं तशी निघून गेली होती.

ते दाराशी गेले. एरवी ते या दारातून आवाज देत थेट आत शिरायचे. आज त्यांनी बोटाने हलकेच टकटक केलं.

“बाईसाहेब, आत येऊ का?”

आत मोटरचा जरासा आवाज झाला आणि थांबला.

“नको.”

“मी तुला उचलून वळवायला नको होतं.”

“हो. नको होतं. पण तू आत्ता येऊ नको. मी सांगीन तेव्हा ये.”

“बरं,” आजोबा म्हणाले.

ते येऊन खुर्चीत बसले. अक्काने पदर सावरत विचारलं, “काय म्हणाली रे?”

“आत येऊ नको म्हणाली,” आजोबा म्हणाले. आजवर एवढ्या बढाया त्यांनी मारल्या, पण इतक्या ताठ मानेने त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. पुढचं बोलायला गेले तो आवाज चिरकला, आणि मग त्यांनी डोळे पुसायचंही सोडून दिलं. सूनबाईने आपली खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. “मी सांगीन तेव्हा ये,” असं पोरगी म्हणाली होती, म्हणून दोघं वाट बघत बसली.